पहिल्या हिरव्या दिव्याखाली

"हेमू, माझा आवाज येतोय का?"

हेडफोनमधून आईचा प्रश्न आला. मी काचेपलीकडे बघून अंगठा वर केला.

"काय खाल्लंस सकाळी?"

"उप्पीट. तूच केलं होतंस. मीठ कमी होतं."

"मीठ बरोबर होतं. पुण्यात शिकून तुझी जीभ बिघडली. आणखी बोल, दिवे नीट लागेनात."

हा रोजचा परिपाठ होता. माइकपुढे 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हटलेलं आईला खपत नसे. त्यात माणसाचा आवाज नसतो, मांडववाल्याचा असतो, असं ती म्हणायची. खाण्याबद्दल विचारलं की माणूस खऱ्या आवाजात बोलतं. मी उप्पिटाला नावं ठेवत राहिले आणि ती आवाजाच्या मिक्सरवरचं गेनचं बटण जरा जरा पिळत, माझ्या नावाचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती खुंटी, बोटाने वर सरकवत दिव्यांकडे बघत राहिली. हिरवे लागलेले असावेत, पिवळा एखाद्या जोरकस शब्दाला लुकलुकावा, तांबडा कधीच नाही. लेवल बसली की ती मान हलवायची, स्वतःचा फेडर खाली ओढायची आणि बोट वर करायची. म्हणजे सुरू.

मग मी हेडफोन काढून ठेवायचे. स्वतःचाच आवाज कानात पडायला लागला की मी नाटकात काम केल्यासारखी वाचते, हे आईचं मत होतं आणि ते खरं होतं.

सांगलीत दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी एक छोटी संस्था होती, तिथली ही खोली. पूर्वी तिथे धान्य ठेवत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या होत्या. कुणाच्या कुणाच्या जुन्या लुगड्यांच्या त्या वाकळा उन्हाळ्यात अंगावर आल्यासारख्या वाटत. मधे एक काच. काचेअलीकडे मी, पुस्तक आणि माइक. पलीकडे आई, मिक्सर आणि तिच्यासमोर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत. मी कॉलेजात मराठी शिकवत होते, सुट्टीच्या दिवशी इथे वाचायला येत होते. आईने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर ती मला सोबत म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात मिक्सर तिने ताब्यात घेतला.

"आमच्या बोर्डावर ह्याच्यापेक्षा जास्त भोकं होती," ती म्हणाली होती. "आणि प्रत्येक भोकात एक भांडण."

कान हा तिचा अभिमान होता. पलीकडचा माणूस नुसता श्वास घ्यायला लागला की तो तक्रार करणार, रडणार की उधार मागणार, हे आपल्याला कळायचं, असं ती सांगायची. मिक्सर मला तिनेच समजावला होता. फेडर खाली ओढला की तो तळाला टेकला पाहिजे. "टेकल्याचं बोटाला कळतं. नुसता खाली दिसला म्हणून खाली गेला असं धरायचं नाही."

त्या दिवशी आम्ही मधमाश्यांवरचं पुस्तक करत होतो. कुणा निवृत्त वनाधिकाऱ्याने लिहिलेलं. निवड आईची. कादंबऱ्यांत माणसं फार रडतात, अशी तिची तक्रार असे. मी वाचत होते:

"पोळ्यातली राणी गेली, की ते साऱ्या पोळ्याला थोड्याच वेळात कळते. गुणगुण बदलते. ज्याला सवय आहे त्याला बाहेर उभे राहूनही हा बदल ऐकू…"

काचेवर टकटक झाली. आईने पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवून मला खूण केली. मी पुस्तक पाहिलं. 'थोड्याच वेळात' नव्हतं, 'थोड्या वेळाने' होतं. मी हेडफोन घातला.

"डोळ्यांनी वाच, मनाने नको," आई म्हणाली. "आणि पुस्तक खाली धर. तोंडापुढे आलं की आवाज अडतो."

मी पुस्तक खाली धरलं.

पुस्तकाने आवाज अडत नव्हता. माझे ओठ अडत होते. आईला बहुधा दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. आधी बारीक आवाज गेले, चमच्याचे, पैंजणांचे. मग बाकीचे एकेक. ती मिक्सर दिव्यांवर चालवत होती. माझ्या चुका ती माझ्या ओठांवर बघायची, दुसऱ्या प्रतीत ओळीवर बोट ठेवून. माझ्याकडे बघून बोल, मान हलवू नकोस, पुस्तक खाली धर, हे तिचे सगळे नियम त्या दोन वर्षांतले.

तिने मला सांगितलं नाही. मी तिला विचारलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मी मोजायला लागले होते. तिसरी झाली की स्वयंपाकघराच्या दारात, तिला दिसेन अशी उभी राहून, "तीन झाल्या गं," असं सहज आठवल्यासारखं म्हणायचे. स्कूटरवर ती मागे बसून बोलत राहायची आणि मी हेल्मेट लांबूनही दिसेल इतकं हलवायचे. 'माझा आवाज येतोय का' ह्या प्रश्नाला मी पूर्वी तोंडाने 'हो' म्हणायचे. मग लक्षात आलं, की मी बोलले तरी ती वाटच बघते. इतका छोटा शब्द ओठांवर वाचता येत नसावा. तेव्हापासून अंगठा. तिनेही त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

राणीचं प्रकरण संपलं. आईने हेडफोन घालायची खूण केली.

"शेवटचं उद्या करू."

"आजच करू की. छोटंच आहे."

"घसा बसलाय तुझा. सारखी आवंढे गिळतेयस. उद्या."

जाताना वाटेत तिने मंडईत वांगी घेतली. भाजीवालीशी घासाघीस करताना तिचा आवाज इतका चढला होता की माणसं वळून बघत होती. भाजीवाली म्हणाली, "मावशी, मी इथंच हाय, मिरजेला न्हाई." आई हसली. तिला ते ऐकू आलं होतं की भाजीवालीचा चेहरा बघून ती हसली, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल.

दिवसवार झाले. माणसं आली, गेली. कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीला मी दारात जाऊन उभी राहत होते. एकदा तर म्हणालेही. मग गॅस बंद करून तिथेच थांबले, कढईतलं निवेपर्यंत.

पाऊस सरत आला तेव्हा मगदूम सरांचा फोन आला. संस्था तेच चालवत. लहानपणी देवी आल्या त्यात दृष्टी गेली, पुढे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते.

"ताई, एक विचारायचंय. रागावणार नाही ना?"

"विचारा की सर."

"मधमाश्यांच्या पुस्तकाची पहिली प्रकरणं आईंनी तयार करून दिली होती ना, ती मी आता ऐकली. दाढी करता करता. त्यात तुमच्याशिवाय अजून कोणीतरी आहे."

"म्हणजे?"

"बाई आहे. तुमच्या मागून बोलते. फार बारीक. पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या घरात रेडिओ लागलाय. बंद करून बघितलं, तर शेजारी शांत. परत लावलं, परत बाई. मी ब्लेड खाली ठेवलं ओ, म्हटलं कापून घ्यायचो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोघातिघांनी ऐकलं ते. त्यातले आमचे शिरगुप्पे म्हणतात, मधमाश्यांचं पुस्तक म्हणून मुद्दाम मागे गुणगुण घातली असेल." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "ताई, तुम्ही एकदा येऊन बघा. चेष्टा सोडा, पण दोन आवाज एकदम आले की आम्हाला त्रास होतो. आम्ही दुसऱ्याच आवाजाच्या मागे जातो. पुस्तक राहतं बाजूला."

मी रविवारी सकाळी गेले. खोलीला कुणी हात लावला नव्हता. सरांनी कुलूप काढून दिलं आणि ते बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले.

मी पहिल्यांदाच काचेच्या त्या बाजूला बसले. खुर्ची आईच्या उंचीला लावलेली होती, माझे गुडघे टेबलाला लागले. मिक्सरच्या खालच्या कडेला कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर पहिल्या फेडरखाली आईच्या अक्षरात 'हेमू' आणि दुसऱ्याखाली 'मी'. जुनी पट्टी पुसट झाली म्हणून तिने ही नवीन लावली होती, पुस्तक सुरू करताना.

आमची पद्धत अशी होती: दोन माइक. एक माझा, वाचनाचा. दुसरा आईचा, मला सूचना द्यायचा. रेकॉर्डर आल्या आल्याच सुरू व्हायचा आणि त्यावर दोघींचे आवाज वेगवेगळे साठत. मग पुढे कधीतरी आई ते परत मिक्सरमधून न्यायची, माझा फेडर वर, तिचा खाली, आणि त्यातून पुस्तक तयार व्हायचं. मीच वाचलेलं मला ऐकवत नसे. ते काम तिचं एकटीचं.

मी पहिलं प्रकरण लावलं. माझा फेडर वर घेतला. आईचा फेडर होता तिथेच, खाली होता. हेडफोन घातला.

माझं वाचन आलं. आणि त्याच्या मागे, ओढणीआडून यावी तशी, कुजबुज.

मी आईच्या फेडरवर बोट ठेवून तो खाली ओढला. तो खालीच होता. टेकल्याचं मात्र बोटाला कळलं नाही. वाकून बघितलं. नव्या चिकटपट्टीची कड खाचेच्या तळावर आली होती आणि फेडर तिला अडून केसभर वर थांबत होता. त्या केसभराने मिक्सरवर एकही दिवा लागत नव्हता. पहिल्या हिरव्या दिव्याच्याही खाली होतं ते. बोटाचा आपलाच नियम सोडून, दिवा लागत नाही म्हणजे आवाज नाही, असं आईने धरलं होतं. ताडून बघायला तिच्याकडे कान नव्हते.

बोट फेडरवरच होतं. मी तो वर नेला. मग माझ्या नावाचा खाली ओढला, टेकेपर्यंत. माझं वाचन गेलं.

"…पोळे कापताना… धूर… धूर फार करू नये… माश्या…"

आई होती. खोलीत, माझ्या कानाशी. ती माझ्यामागोमाग वाचत होती, ओठांवर दिसेल तसं, अर्धा शब्द मागे राहून. कधी पुस्तकात बघून पुढे जायची आणि माझ्यासाठी थांबायची. तेव्हा तिचा श्वास ऐकू यायचा. पान उलटताना बांगड्या. आपण मोठ्याने बोलतोय हे तिला ठाऊक नव्हतं. माइक खाली म्हणजे बंद, असं आम्ही दोघीही समजत होतो, पण रेकॉर्डर फेडरला विचारत नाही. त्याच्याकडे येईल ते तो ठेवून घेतो.

मधे मधे ती पुस्तकाबाहेरचं बोलायची.

"हळू. हळू जरा… हां."

"पाणी पी ना गं."

"केस किती पांढरे झालेत हिचे कानामागे."

मी केसांवरून हात फिरवला.

प्रत्येक दिवसाची सुरुवात सारखी होती. "हेमू, माझा आवाज येतोय का?" आणि त्यानंतर काहीच नाही. मी दोन्ही फेडर वर करून बघितलं, माझ्या बाजूलाही काहीच नव्हतं. तिथे माझा अंगठा होता. रेकॉर्डरवर मात्र एक बाई विचारते आणि कुणी उत्तर देत नाही. मग थोड्या वेळाने ती, जणू उत्तराशिवायच, काय खाल्लंस म्हणून विचारते. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मी दिवसामागून दिवस लावत गेले. विचारते, थांबते. विचारते, थांबते.

शेवटचा दिवस मी सगळ्यात शेवटी लावला. उप्पीट झालं. मीठ झालं. राणीचं प्रकरण सुरू झालं. आई पुटपुटत होती: "राणी गेली की… साऱ्या पोळ्याला… थोड्याच… चुकली." काचेवर टकटक. "डोळ्यांनी वाच, मनाने नको." पुन्हा सुरुवात. "गुणगुण बदलते… बाहेर उभे राहूनही… हा बदल ऐकू येतो."

इथे ती थांबली. मी पुढे वाचत गेले असणार, पण माझा फेडर खाली होता. नुसता तिचा श्वास होता. मग ती म्हणाली,

"हिला ठाऊक असणार."

खुर्ची करकरली.

"विचारू का?"

पान उलटलं. बांगड्या वाजल्या.

"नको. वाचतेय ती."

आणि पुन्हा माझ्यामागून, अर्धा शब्द मागे राहून, माश्या, पोळं, नवी राणी.

मी हेडफोन काढला. बाहेर व्हरांड्यात मगदूम सर कुणाशी तरी कांद्याच्या भावावरून बोलत होते.

बऱ्याच वेळाने ते दारात आले. "ताई? सापडली का बाई?"

"सापडली."

"कोण होती?"

"आईच. तिचा फेडर पूर्ण खाली येत नव्हता. चिकटपट्टी मधे येत होती."

"एवढंच होय!" ते म्हणाले. मग त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला. "आईंचा आवाज होता तर," ते म्हणाले. "मला वाटलंही होतं. पण त्या तर टेबलफॅनसुद्धा बंद करायला लावायच्या. त्यांच्याकडून असं होईल, हे पटेना."

मी खुर्ची टेबलापासून मागे सरकवली.

"काढायचं का ठेवायचं, तुम्ही ठरवा. मी कुणाला काही म्हणणार नाही."

"काढायचंच आहे सर. लोकांना पुस्तक ऐकायचंय."

मी नखाने चिकटपट्टीची कड उचलली. 'मी' लिहिलेला तुकडा निघून आला. तो फेडरच्या वरच्या बाजूला, जिथे काही अडणार नाही तिथे लावला आणि बोटाने दाबून बसवला. मग फेडर खाली ओढला. ह्या वेळी तो टेकला. त्याचा बारीकसा आवाजही झाला. पहिल्या प्रकरणापासून सगळं पुन्हा तयार करायला घेतलं. कानात फक्त मी होते. इतका रिकामा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर मी अर्धा शब्द थांबत होते.

पुढच्या रविवारी शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ते वाचायला मी आत बसायचं, तर पलीकडे कुणीतरी हवं.

"मी बसतो की," मगदूम सर म्हणाले. "मला दिवे दिसणार नाहीत, पण कान आहेत. फेडर कुठला ते बोटाला दाखवून ठेवा."

मी त्यांचं बोट धरून पहिल्या फेडरवर ठेवलं. मग दुसऱ्यावर. "हा तुमचा. मला काही सांगायचं असलं की वर. झालं की खाली, टेकेपर्यंत."

"आणि ही वर पट्टी कसली?"

"राहू दे ती."

मी काचेच्या माझ्या बाजूला गेले. वाकळांचा तोच वास. पुस्तक उघडलं, खाली धरलं. हेडफोन घातला. पलीकडे सर खुर्चीत नीट बसले, चाचपडून माइक तोंडाशी घेतला आणि 'मी' लिहिलेल्या पट्टीखालचा फेडर हळूहळू वर नेला.

"ताई, माझा आवाज येतोय का?"

मी त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला.

सर थांबले. त्यांचा चेहरा थोडा वरच्या दिशेला होता, दृष्टी नसलेल्या माणसाचा असतो तसा, ऐकत असलेला. मी अंगठा तसाच धरून बसले होते. काचेत मला तो दिसत होता, माझा हात आणि त्याच्यामागे ती खुर्ची.

"ताई? येतोय का? काही बोला की. तुम्ही बोलल्याशिवाय मला कसं कळणार?"

ह्याला आता बरीच वर्षं झाली. ते पुस्तक अजून ऐकलं जातं. शेवटच्या प्रकरणाआधीचा एवढा तुकडा मात्र त्यात नाही, तो सरांनी मला वेगळा काढून दिला. त्यात सरांचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा विचारलेला. मग थोडी शांतता. मग माझा आवाज, आधी कापरा आणि मग अगदी साधा, उप्पिटाबद्दल बोलताना असायचा तसा.

"येतोय," मी म्हणाले. "येतोय, आई. रोज येत होता. तुला माझा येत नव्हता, ते मला ठाऊक होतं. विचारायचं होतंस. मी थांबले असते वाचायची."